वडील वाडीवर, तपासणी तालुक्याला

प्रश्न : आमची वाडी पाटण तालुक्यात, डोंगराच्या माथ्यावर आहे. माझ्या ६२ वर्षांच्या वडिलांना महिनाभर खोकला आहे, तिन्हीसांजेला अंगात कणकण असते आणि नेहमीचा सदरा आता अंगावर लोंबतो. तालुक्याला जाणारी एसटी डोंगराखालच्या फाट्यावर मिळते. फाट्यापर्यंतची दीड तासाची उतरण त्यांना झेपत नाही. आमच्याकडे गाडी नाही, दुचाकीही नाही. खोकल्याची कुणकुण लागल्यापासून वडापवाला त्यांना गाडीत घेत नाही. शेजारी म्हणतात की, घरी येऊन रक्त नेणारा एक माणूस आहे, त्याच्याकडूनच टीबीची तपासणी करून घ्या. काय करावे?
– एक वाचक, जिल्हा सातारा

उत्तर : वडिलांना डोंगर उतरवण्याआधी त्यांचा बेडका खाली पाठवा. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप आणि घटणारे वजन ही लक्षणे एकत्र असतील, तर क्षयाची तपासणी झालीच पाहिजे. मात्र फुप्फुसाच्या क्षयासाठी लागणारी मुख्य तपासणी बेडक्याची असते आणि बेडका रुग्णाशिवाय प्रवास करू शकतो. तुमच्या वाडीच्या आशाताईंना आजच फोन करा. त्या नमुन्यासाठी झाकणाच्या प्लास्टिकच्या नळ्या मिळवून देऊ शकतात आणि भरलेला नमुना उपकेंद्रामार्फत प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचवण्याची व्यवस्थाही करू शकतात. हे त्यांच्या कामातच मोडते, त्यामुळे आपण कोणाची मेहेरबानी मागतो आहोत असा संकोच बाळगू नका. आशाताई भेटल्या नाहीत तर उपकेंद्रातील आरोग्यसेविकेला किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना गाठा. तेही जमले नाही तर राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाच्या १८००-११-६६६६ या निःशुल्क क्रमांकावर विचारा.

नळी हाती आली की खरे काम सुरू होते आणि बहुतेक नमुने वाया जातात ते इथेच. सरकारी कागदावर ‘थुंकी तपासणी’ असे छापलेले असते. ते वाचून माणूस प्रामाणिकपणे थुंकतो, नळीत फेसाळ लाळ जमा होते, आणि लाळेत जंतू सापडले नाहीत म्हणून अहवाल निर्दोष येतो. माझ्या मते तो शब्दच बदलायला हवा. आपल्याला हवा आहे तो छातीतून, खोलवरून निघालेला, घट्टसर बेडका. साधारणपणे दोन नमुने घेतात : एक नळी मिळेल तेव्हा आणि दुसरा दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर. रात्रभर छातीत साचलेला असल्यामुळे सकाळचा नमुना अधिक उपयोगी असतो. वडिलांनी चहा घेण्याआधी, आणि सवय असेल तर मिश्री लावण्याआधी, साध्या पाण्याने खळखळून चूळ भरावी. घरात किंवा पडवीत न थांबता अंगणापलीकडे मोकळ्यावर जावे, दोन-तीनदा पोट फुगेपर्यंत श्वास घ्यावा, क्षणभर रोखून धरावा आणि मग जोर लावून खोकावे. त्या वेळी तुम्ही समोर उभे राहू नका. चहाचा अर्धा ते एक चमचा भरेल इतका बेडका पुरतो. झाकण घट्ट लावा आणि नाव झाकणावर न लिहिता नळीच्या अंगावर लिहा, कारण प्रयोगशाळेत झाकण आणि नळी वेगळी होतात. मग नळी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उभी ठेवा. शक्यतो त्याच दिवशी ती खाली पोचावी, आणि पोचेपर्यंत उन्हात राहू नये.

आशाताईंना त्या दिवशी जमत नसेल, तर ती नळी घेऊन तुम्ही स्वतः फाट्यावर उतरून एसटीने जायला काहीच हरकत नाही. क्षय पसरतो तो रुग्णाच्या खोकल्यातून हवेत उडणाऱ्या सूक्ष्म कणांतून. घट्ट बंद केलेल्या नळीमुळे शेजारच्या प्रवाशाला धोका नसतो.

पुढची तपासणी आता पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपी झाली आहे. सीबीनॅट यंत्र सुमारे दोन तासांत जंतू आहेत की नाहीत ते सांगते, आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्या जंतूंवर चालेल की नाही हेही त्याच वेळी कळते. गोव्यातील मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट यंत्र तर बॅटरीवर चालते, त्यामुळे वीज बेभरवशाची असलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही ते ठेवता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली त्याला मान्यता दिली. अर्थात यंत्राला दोन तास लागले, तरी नमुना पोचून अहवाल वाडीपर्यंत परत यायला काही दिवस जाऊ शकतात. नळी देतानाच अहवाल कोण आणि कधी कळवणार हे विचारून ठेवा.

रक्त नेणाऱ्या माणसाला मात्र दारातूनच परत पाठवा. रक्तातील प्रतिपिंडे (अँटिबॉडी) पाहून क्षयाचे निदान करणाऱ्या चाचण्या इतक्या चुकीच्या निघाल्या की, केंद्र सरकारने २०१२ साली त्यांच्यावर बंदी घातली. घरपोच सेवा म्हणून ती सोयीची वाटेल, पण पैसे जातील आणि निदान अधांतरीच राहील.

बेडक्यात जंतू सापडले नाहीत आणि तरीही खोकला व ताप हटला नाही, तर छातीचा एक्स-रे काढावा लागेल. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या क्षयरोग मोहिमेपासून हातात धरता येणारी एक्स-रे यंत्रे शिबिरांत वापरली जात आहेत. तसे शिबिर जवळपास होणार आहे का, हे आशाताईंना विचारा. नसेल तर मात्र वडिलांना खाली न्यावेच लागेल. फाट्यापर्यंत एखाद्या ओळखीच्या दुचाकीवर, दोघांनीही तोंडाला मास्क बांधून, आणि पुढे एसटीत उघड्या खिडकीशी बसून जाणे हा चांगला मार्ग आहे. वडापवाल्यावर तुमचा राग असणे स्वाभाविक आहे, तरी काचा लावलेल्या जीपमध्ये दहा-बारा माणसे तासभर खेटून बसणे हे संसर्गाला खरोखरच पोषक असते, एवढे त्याच्या बाजूने म्हणावे लागेल. वडिलांच्या बेडक्यात रक्ताचे प्रमाण जास्त दिसले किंवा त्यांना धाप लागली, तर एसटीची वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा.

निदान झालेच तर औषधे सरकारी केंद्रातून मोफत मिळतात. साध्या क्षयाचा उपचार सहसा सहा महिन्यांचा असतो आणि गोळ्या वाडीजवळ पोचवण्याची व्यवस्था करता येते. आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून दरमहा १००० रुपये रुग्णाच्या बँक खात्यात जमा होतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही रक्कम ५०० रुपये होती. त्यासाठी वडिलांचे खाते चालू आहे का, ते आताच तपासून पाहा. वर्षानुवर्षे न वापरलेले खाते बंद पडलेले असते, आणि ते सुरू करायला पुन्हा तालुक्याचीच खेप पडते.

प्रश्न : सासूबाईंना क्षय झाल्याचे निदान झाले आहे. आमचा चार वर्षांचा मुलगा त्यांच्याच अंथरुणात झोपत असे. त्याचाही बेडका असाच पाठवता येईल का? आम्हालाही रुग्णालय दूर पडते.
– एक वाचक, जिल्हा नंदुरबार

उत्तर : इतक्या लहान मुलाला बेडका काढता येत नाही, आलेला कफ तो गिळून टाकतो. त्यामुळे इथे फेरी टळणार नाही. खोकला, ताप, वजन न वाढणे, खेळण्यातला उत्साह कमी होणे यांपैकी काहीही असेल, तर त्याला ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात डॉक्टरांकडे न्या. तिथे एक्स-रे काढतात आणि गरज पडल्यास सकाळी उपाशीपोटी नळीने जठरातील द्रव घेऊन तो तपासतात. म्हणून जाण्यापूर्वी फोन करून वेळ ठरवा आणि शक्य असेल तर आदल्या संध्याकाळीच तालुक्याच्या गावी नातेवाइकांकडे मुक्कामाला जा. मुलाला कोणतेही लक्षण नसले, तरी पाच वर्षांखालील मुलांना क्षय नसल्याची खात्री करून प्रतिबंधक औषध देतात. सासूबाईंच्या औषधांसाठी जे आरोग्य कर्मचारी घरी येतात, त्यांनाच मुलाचे नाव नोंदवायला सांगा. सासूबाईंचे अंथरूण सध्या खिडकीजवळ वेगळे घाला. उपचार नीट चालू असतील तर साधारणतः दोन आठवड्यांत संसर्ग पसरण्याची शक्यता बरीच कमी होते. त्यांचे ताट-वाटी मात्र वेगळे करू नका, कारण क्षय भांड्यांतून पसरत नाही.