बॉलकडे नको, चाळीस नंबरकडे बघा : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही ल्यूक कीकलीवर लिहिलं आणि पत्रं, मेसेज एवढे आले की या महिन्याची सगळी पानं त्यालाच दिलीत. ज्यांचा तो अंक चुकला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, कीकली म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधला मिडल लाईनबॅकर, २००९ ते २०११ अशी तीन वर्षं बोस्टन कॉलेजकडून खेळला, अंगावर ४० नंबर. त्या तीन वर्षांत त्यानं ५३२ टॅकल केले, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याला धरून खाली पाडलं. आता पत्रांकडे वळूया.

खानापूरहून एक कॉलेजचा विद्यार्थी लिहितो : सर, मी यूट्यूबवर त्याचे व्हिडिओ बघायलोय पण एक कळंना. हा बॉल फेकत नाही, घेऊन पळत नाही, पॉईंट तर करतच नाही. मग एवढा स्टार कशामुळं झाला?

मित्रा, हेच तर खरं बघायचं हाय. या खेळात प्रत्येक बाजूला ११ जण, आणि ज्यांच्याकडे बॉल आहे त्यांना चार डावांत १० यार्ड पुढं सरकायचं असतं, सरकले तर आणखी चार डाव मिळतात, नाहीतर बॉल समोरच्यांना द्यावा लागतो. अडवणाऱ्या टीमची पहिली फळी एकदम तोंडाशी उभी असते, शेवटची फळी लांब मागं, आणि या दोन्हींच्या मधोमध, बॉलपासून चार-पाच यार्डांवर जो उभा असतो तो मिडल लाईनबॅकर. समोरचे काय करणार हे त्याला डोळ्याची पापणी लवायच्या आत ओळखायचं असतं, पळणार की फेकणार, डावीकडून की उजवीकडून, की नुसतं पळायचं नाटक करून मागून पास टाकणार. आपल्याकडं कबड्डीत चढाईवाला आत आला की मुरलेला कव्हरवाला त्याच्या हाताकडं बघत नाही, पायाकडं आणि कमरेकडं बघतो, अगदी तसंच, लाईनबॅकर बॉलकडं न बघता समोरच्या दोन गार्डांकडं बघतो. गार्ड हे बॉलवाल्यासाठी वाट मोकळी करणारे धिप्पाड गडी, ते ज्या बाजूला सरकले त्या बाजूला बहुतेक वेळा पळापळ होते, ते उठून मागं सरकले तर समजायचं पास येणार. कीकली या वाचण्यात एवढा तयार होता की बरेचदा बॉलवाला वळायच्या आधीच हा तिथं पोचलेला असायचा. व्हिडिओ परत लाव, एकदा बॉल विसर आणि फक्त ४० नंबरला बघ. पहिलं पाऊल कुठल्या दिशेला पडतंय ते बघ. एकदा ते दिसायला लागलं की तुला हा खेळच वेगळा दिसेल, मी सांगतो ते मनापासून सांगतोय.

आकडे सांगायचे तर पहिल्या वर्षी १५८ टॅकल, दुसऱ्या वर्षी १८३, तिसऱ्या वर्षी १९१. शेवटची दोन्ही वर्षं तो अख्ख्या देशात पहिला होता. तिसऱ्या वर्षी बोस्टन कॉलेजच्या १२ मॅच झाल्या, म्हणजे मॅचमागं जवळजवळ १६. टॅकलमध्ये एकट्यानं पाडलेले आणि दोघांनी मिळून पाडलेले असे दोन्ही धरतात हे खरं, पण दोघांनी पाडलं तरी हा तिथं वेळेवर पोचलेला असतोच की.

निपाणीहून एक काका विचारतात : एवढं नाव काढायला मागं कोणीतरी मोठं असणार. सुरुवातीला त्याला कोण ओळखत होतं?

काका, मोठं कोणी नव्हतं. पोरगा ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीचा, सेंट झेवियर हायस्कूलचा, त्याच्या शाळेनं २००७ ला राज्याची चॅम्पियनशिप जिंकली. पण तिकडं काय असतं, हायस्कूलमध्येच पोरांना स्टार देतात, पाच स्टारवाल्याच्या मागं मोठमोठी कॉलेजं हात धुऊन लागतात. कीकली त्या यादीत वरचा नव्हता. मोठ्या नावाच्या कॉलेजांची रांग काही त्याच्या दारात लागली नाही, बोस्टन कॉलेजनं घेतलं, आणि तो घरापासून लांब तिकडं गेला.

आता यातला जो भाग मला सगळ्यात लागतो तो सांगतो. बोस्टन कॉलेजचा खरा हिरो त्या वेळी मार्क हर्झलिक होता, तोही लाईनबॅकरच. २००८ ला त्यांच्या कॉन्फरन्सचा, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या एसीसी या गटाचा, सर्वोत्तम डिफेन्स खेळाडू. आणि मे २००९ मध्ये त्याला हाडाचा कॅन्सर निघाला, युइंग सार्कोमा. विचार करा, सगळ्या टीमचा आधार, पुढच्या वर्षी प्रोमध्ये, म्हणजे पैसे घेऊन खेळणाऱ्यांच्या लीगमध्ये, जाणारा पोरगा, आणि एकदम केमोथेरपी. मधल्या फळीत भगदाड पडलं. त्या जागी अठरा वर्षांचा, नुकताच आलेला कीकली उभा राहिला आणि पहिल्याच सीझनला १५८ टॅकल करून एसीसीचा सर्वोत्तम नवीन डिफेन्स खेळाडू ठरला. काका, संधी मिळाली हे खरं, पण ती कुठल्या दुःखातून आली ते या पोराला पक्कं माहीत होतं. आणि हर्झलिक बरा झाला हो! २०१० ला परत मैदानात आला, दोघं एकाच टीममध्ये शेजारी-शेजारी खेळले. पुढं ड्राफ्टमध्ये, म्हणजे प्रो टीम कॉलेजची पोरं आळीपाळीनं निवडतात त्यात, त्याला कोणी घेतलं नाही तरी न्यूयॉर्क जायंट्स या प्रो टीममध्ये शिरला आणि फेब्रुवारी २०१२ चा सुपर बोल, म्हणजे प्रोची फायनल, जिंकणाऱ्या टीममध्ये होता. बोस्टन कॉलेजचे जुने फॅन या दोघांचं नाव एका दमात घेतात ते यासाठी.

टिळकवाडी, बेळगावहून एक ताई लिहितात : माझा भाचा बोस्टनला एमएस करतोय, तो म्हणतो मावशी इथं कॉलेजच्या मॅचला एवढी गर्दी असते की आपल्याकडं आयपीएललाच तेवढी असेल. कॉलेजच्या पोरांच्या मॅचला एवढी माणसं? आणि टीम हरत असली तरी जातात का?

ताई, भाचा खरं सांगतोय. बोस्टन कॉलेजचं अलम्नाय स्टेडियम साधारण ४४ हजारांचं, आणि तिकडच्या हिशेबात ते लहान म्हणायचं, मिशिगन युनिव्हर्सिटीचं स्टेडियम एक लाख सात हजारांच्या वर आहे. नवीन आलेली पोरं पिवळे सुपरफॅन टीशर्ट घालून एका कोपऱ्यात उभी राहतात, अख्खी मॅच उभी. मॅचच्या आधी पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडून शेगड्या पेटतात, चाळीस वर्षांपूर्वी पास होऊन गेलेले आजोबा नातवाला घेऊन येतात. मोठ्या शहरांची प्रो टीम वेगळी, पण कॉलेज हे त्यांना आपलं गाव वाटतं.

आणि हरण्याचं विचारलंत ते फार चांगलं विचारलंत. २०११ ला, म्हणजे कीकलीच्या सगळ्यात भारी वर्षी, बोस्टन कॉलेज १२ पैकी ८ मॅच हरलं. फक्त ४ जिंकल्या. पण फॅन येत होते, कारण टीम हरली तरी शेवटच्या डावापर्यंत हा एक पोरगा पहिल्या डावासारखाच पळायचा. माझं मत विचाराल तर स्टार होणं म्हणजे हेच. जिंकणाऱ्या टीममध्ये चमकायला फार काही लागत नाही, हरणाऱ्या टीममध्ये वर्षाच्या शेवटी लाईनबॅकरचं बटकस अवॉर्ड, शिवाय नागुर्स्की, लोम्बार्डी आणि लॉट अशी चार बक्षिसं एकट्यानं घेऊन जाणं, याला मात्र छाती लागते.

चिकोडीहून : सगळ्यात मोठं ते हाइझमन त्याला का नाही मिळालं?

हाइझमन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचं बक्षीस, १९३५ पासून देतात आणि ते जवळजवळ नेहमी बॉल फेकणाऱ्याला नाहीतर बॉल घेऊन पळणाऱ्याला जातं. २०११ चं रॉबर्ट ग्रिफिन थर्डला गेलं, क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा. लाईनबॅकरला आजवर एकदाही नाही. सगळ्यात जवळ जे पोचले त्यातला एक नोत्र दामचा मँटाय टेओ, २०१२ ला सात इंटरसेप्शन काढून, म्हणजे समोरच्यांचे पास मधेच पकडून, दुसरा आला. मला हे अन्यायाचं वाटतं आणि मी ते दर वर्षी डिसेंबरात बोलून दाखवतो. बटकस अवॉर्ड १९८५ पासून खास लाईनबॅकरसाठीच आहे म्हणून निदान तेवढं तरी.

अथणीहून : कॉलेजला असताना पैसे किती मिळायचे?

स्कॉलरशिप. फी, राहणं, खाणं, बस. नावावर टीशर्ट खपायचे तरी खेळाडूला एक डॉलर घ्यायची परवानगी नव्हती. जुलै २०२१ पासून जाहिरातीचे पैसे घेता येतात, आणि २०२५ पासून कॉलेजं स्वतःसुद्धा देऊ शकतात. कीकलीच्या काळात यातलं काही नव्हतं, त्याला पैसा मिळाला तो २०१२ च्या ड्राफ्टनंतर, कॅरोलायना पँथर्सनं त्याला नवव्या नंबरवर उचललं तेव्हा.

संकेश्वरहून एक आई लिहिते : तुमचा लेख माझ्या पोरानं मला वाचून दाखवला. शेवटी लिहिलंय की अठ्ठावीस वर्षांचा असताना त्यानं खेळ सोडला. एवढं चांगलं चाललेलं असताना का सोडला? माझा पोरगा कबड्डी खेळतो, परवा डोक्यावर पडला तर सर म्हणाले काही नाही, पाणी मार आणि खेळ. मला तेव्हापासून झोप नाही.

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी तुमच्या पोराचं बोलू, कीकली नंतर. डोक्याला मार बसला की त्या दिवशी खेळ बंद, भलेही तो म्हणू दे मला काही झालं नाही. चक्कर, उलटी, डोकं दुखणं, उजेड सहन न होणं, विसरल्यासारखं बोलणं, झोप जास्त येणं, यातलं काहीही दिसलं तर डॉक्टरकडं न्या, उलटी परत परत झाली किंवा उठवून उठत नसेल तर सरळ मोठ्या दवाखान्यात. परवाचं असलं तरी अजून एकदा डॉक्टरला दाखवून घ्या, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत मैदानात पाठवू नका. सरांना माझं नाव सांगा हवं तर.

आता कीकली. प्रोमध्ये पहिल्याच वर्षी तो सर्वोत्तम नवीन डिफेन्स खेळाडू, २०१३ ला संपूर्ण लीगचा सर्वोत्तम डिफेन्स खेळाडू. पँथर्सच्या घरच्या मैदानात त्यानं कोणाला पाडलं की हजारो माणसं एका सुरात 'लूऽऽऽक' ओरडायची. पण २०१५, २०१६ आणि २०१७, लागोपाठ तीन वर्षं मेंदूला हादरा बसला. २०१६ चा नोव्हेंबरचा प्रसंग टीव्हीवर सगळ्यांनी बघितला, गाडीवर बसवून बाहेर नेत होते आणि हा एवढा दणकट माणूस हमसून रडत होता. त्या सीझनला परत खेळलाच नाही. नंतर आणखी तीन सीझन खेळला आणि जानेवारी २०२० मध्ये, आठ वर्षांनी, थांबला. अंगात ताकद होती, टीमला हवा होता, तरी थांबला. काही फॅन तेव्हा हळहळले, आणखी पाच वर्षं सहज खेळला असता म्हणाले. मी त्यांच्यातला नाही. डोकं शाबूत घेऊन घरी जाणं हा त्याचा हक्क होता, आणि ज्यांनी त्याच्यावर खरंच प्रेम केलं त्यांना त्या दिवशी हायसं वाटलं असणार. कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये तो २०२३ ला गेला.

खानापूर तालुक्यातल्या हायस्कूलचे एक पीटी सर : आपल्या भागातला पोरगा तिकडं जाऊन असा खेळू शकेल काय? खरं सांगा, नुसतं बरं वाटावं म्हणून नको.

सर, खरं सांगतो, सतराव्या वर्षी पहिल्यांदा हेल्मेट घालून तिथं जागा मिळवणं फार अवघड आहे. तिथली पोरं लहानपणापासून हेच खेळतात. भारतीय रक्ताचा लाईनबॅकर मात्र झालाय बरं का, ब्रँडन चिलर, वडील भारतीय, यूसीएलए कॉलेजकडून खेळला, २००४ ला ड्राफ्ट झाला, पुढं ग्रीन बे पॅकर्समध्ये होता. पण तो जन्मला-वाढला अमेरिकेतच.

तुमच्या पोरांसाठी जवळची वाट फ्लॅग फुटबॉलची. पाच-पाच जण, पाडापाडी नाही, कमरेला लावलेली पट्टी ओढली की झालं. २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकमध्ये तो आहे, पोरांचाही आणि पोरींचाही. हेल्मेट-पॅडचा खर्च नाही, शाळेच्या मैदानात खडूनं रेघा मारून सुरू करता येतं. पोरींची टीम आधी काढा असं मी म्हणेन, आपल्या भागातल्या पोरी चपळ आहेत आणि त्यांना खेळायला मिळतं कमी.

कॅम्प, बेळगावहून चार मित्र : आम्ही रात्र रात्र जागून युरोपचा फुटबॉल बघतो. हे कधी बघायचं?

शनिवारी. तिकडं शुक्रवार हायस्कूलचा, शनिवार कॉलेजचा, रविवार प्रोचा असं ठरलेलंच असतं. सीझन ऑगस्टच्या शेवटी सुरू होतो. अमेरिकेच्या पूर्वेकडची दुपारी बाराची मॅच आपल्याकडं शनिवारी रात्री साडेनऊला लागते, नोव्हेंबरात त्यांचं घड्याळ मागं गेलं की साडेदहाला. संध्याकाळी साडेसातची मॅच मात्र रविवारी पहाटे पाचला, नोव्हेंबरात सहाला, तेव्हा चहा ठेवूनच बसा. पहिल्या मॅचला चौघांनी चार खेळाडू वाटून घ्या, आणि लाईनबॅकर ज्याच्या वाट्याला येईल त्यानं पुढच्या महिन्यात आम्हाला लिहून कळवा, त्याला समोरचा डाव किती वेळा आधी ओळखता आला ते.