रिकाम्या हाताने गेलेला वाचक

बाळ,

अनेक उत्तम आशीर्वाद.

ग्रंथालयातल्या कामाच्या स्वयंमूल्यमापनाचा तक्ता मिळाला. वर्गीकरण ४, तालिकीकरण (म्हणजे पुस्तकांच्या नोंदींची सूची करणं) ४, संगणक ३, संदर्भसेवा ४, वाचकांशी वागणूक ५. खाली तुझा प्रश्न: कोहा या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीचा कोर्स करू, की मुक्त विद्यापीठातून बी.लिब.ला, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला, बसू? या आकड्यांवरून मला काही सांगता येणार नाही. संदर्भसेवेला ४ का आणि ३ का नाही, हे तुलाही सांगता यायचं नाही. तुझ्या पत्रातली कामाची ओळ अगदी शेवटी आहे, जाता जाता लिहिलेली. एक आजोबा गोदावरीच्या पुराचं पुस्तक मागत होते, संगणकात काही निघालं नाही, नाही म्हणून सांगितलं आणि दिवसभर चुटपुट लागून राहिली.

ती चुटपुट लिहून ठेव. रिकाम्या हाताने गेलेल्या प्रत्येक वाचकाची नोंद कर. माझं सांगणं एवढंच आहे, पुढचा सगळा त्याचाच विस्तार.

साधी शंभर पानी वही घे. तारीख. प्रश्न, वाचकाच्याच शब्दांत. मी काय शोधलं, कुठे शोधलं. शेवटचा रकाना मोकळा सोड, नंतर काय सापडलं त्यासाठी.

आजोबांचंच बघू. तू 'पुर' टाइप केलंस की 'पूर'? नोंद करणाऱ्याने ऱ्हस्व लिहिलं असेल तर दीर्घ टाकून काही हाती लागत नाही. 'महापूर' टाकून पाहिलंस? 'गोदावरी'? 'नाशिक'? श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधल्या नोंदी युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं फुटली असतील, तर ते पुस्तक कपाटात असूनही संगणकाला दिसत नाही. मग उठून कपाटापाशी गेलीस का? ड्युईच्या वर्गीकरणात पूर ५५१.४८९ या क्रमांकाला, नाशिकचा इतिहास मात्र ९५४ खाली, दोन्ही कपाटं लांब लांब. तालिकेत दिसलं नाही म्हणजे ग्रंथालयात नाही, असं संदर्भ विभागात बसणाऱ्याने म्हणू नये.

आणि सगळ्यात आधीचं: त्यांना हवं काय होतं? त्या वयाच्या नाशिककराने १९६९चा पूर डोळ्यांनी पाहिलेला असतो. त्याला कदाचित पुस्तक नकोच असेल. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर चढलं, सराफ बाजारात किती शिरलं, कुठल्या तारखेला, एवढंच हवं असेल. ते सप्टेंबर १९६९च्या 'गावकरी'च्या बांधीव फायलींत शोधायचं. ''कशासाठी हवंय, आजोबा?'' हा एक प्रश्न विचारायला कुठला कोर्स लागतो? वागणुकीला पाचपैकी पाच घेतलेस, ते गोड बोललीस म्हणून. विचारलं नाहीस, त्याचे किती? सभासद असतील तर त्यांचा फोन रजिस्टरला असेल, उद्याच लाव.

रागावलो असं समजू नकोस. ज्याला चुटपुट लागते त्यालाच हे सांगण्यात अर्थ आहे.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली. त्यातलं दुसरं, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, तुलाही पाठ असेल. ते आपल्या टेबलावर पाळलं जातं का, हे मोजायचं कसं? वार्षिक अहवालात देवघेवीचा आकडा जातो, सभासदसंख्या जाते, खरेदी जाते. न मिळाल्याचा आकडा कुठेच नसतो. म्हणून म्हणतो, रिकाम्या हाताने गेलेला वाचक मोज.

माझ्या वेळी कार्यकारी मंडळाला ही वही खुपायची. आपल्या उणिवा आपणच कशाला लिहायच्या, तपासणीला माणूस आला तर काय दाखवाल? मी लिहीत राहिलो. बढतीच्या वेळी माझं नाव मागे पडलं, आणि थोडं नमतं घ्यायला हवं होतं असं सांगणारे आजही भेटतात. नव्हतं घ्यायला हवं. स्पर्धा परीक्षांची पोरं काय मागून परत जातात हे त्याच वहीने मंडळापुढे ठेवलं, तेव्हा कुठे त्या पुस्तकांना पैसे मंजूर झाले. तोंडी सांगून वर्षानुवर्षं झालं नव्हतं. सल वेगळाच आहे. मी निवृत्त झाल्यावर कपाट रिकामं केलं आणि सगळ्या वह्या रद्दीत गेल्या. नाशिकची माणसं काय शोधत आली होती, ते फक्त तिथे लिहिलेलं होतं. म्हणून तुझी वही घरी ठेव, निदान फोटो काढून ठेव.

महिनाअखेरीला लाल पेन घेऊन बस. प्रत्येक नोंदीपुढे एक खूण: 'वि' म्हणजे नीट विचारलं नाही, 'शो' म्हणजे शोधता आलं नाही, 'सं' म्हणजे संग्रहातच नाही. 'सं' हा तुझा दोष नव्हे, तो थेट खरेदीच्या यादीत घाल. 'शो' जास्त निघाले तर वर्गीकरण आणि संगणक पक्कं करायचं. 'वि' जास्त निघाले, आणि माझा अंदाज आहे की तेच निघतील, तर कोर्सचे पैसे सध्या राहू दे. चार दिवस कुणा जुन्या माणसाच्या शेजारी बसून तो वाचकाला काय काय विचारतो ते ऐक.

बी.लिब. मात्र कर. पदवीशिवाय पुढची जागा मिळत नाही, त्यावर वाद नको. पण पदवी नोकरीसाठी, वही कामासाठी. ही गल्लत फार जणांची होते.

आणि हो, २०२७चा सिंहस्थ आलाच. पत्रकार येतील, प्रबंध लिहिणारी मुलं येतील, बाहेरगावचे लोक येतील, मागच्या पर्वण्यांचं विचारतील. त्यातलं काय आपल्याकडे नाही ते आत्ताच बघ, कात्रणं लावायला घे. २०१५ची काही पत्रकं आणि नकाशे माझ्याकडे पडून आहेत. रविवारी ये आणि घेऊन जा, येताना झाली तेवढी वही आण.

तुझा,
काका