बहिणीच्या वास्तुशांतीला स्वतःच्या हातची कुंड्यांची लाकडी मांडणी द्यायची आहे. सुतारकाम कधी केलेलं नाही. जमेल का, आणि लाकूड कोणतं घेऊ?

नक्की जमेल. करवत सरळ चालत नसेल तरी जमेल, कारण मापाप्रमाणे कापून, रंधा मारून वखारीवाला देतो. तुमच्याकडे उरतं ते मोजणं, घासणं, भोकं पाडणं, स्क्रू पिळणं आणि तेल लावणं. फक्त एक गोष्ट आधीच मनात पक्की करा: ही मांडणी रोज भिजणार आहे. पुस्तकांच्या कपाटासारखी केलीत तर फसाल.

मी फसलोय. डोंबिवलीच्या मावशीला पहिली मांडणी मी घरी उरलेल्या साध्या प्लायची करून दिली होती. वर पांढरा ऑइलपेंट, दिसायला झकास. दुसऱ्या पावसाळ्यात तिच्याकडे गेलो, तर खालच्या फळीचे थर भिजलेल्या वहीच्या पानांसारखे सुटलेले. मावशीने ती सुतळीने करकचून बांधली होती आणि गुलाबाची कुंडी तशीच तिच्यावर ठेवली होती. "तू केलेली आहेस, टाकवत नाही रे," म्हणाली. त्याच महिन्यात मी तिला सागवानाची नवी करून दिली. आज सहा वर्षं झाली, ती गॅलरीत उभी आहे.

म्हणून लाकूड सागवानच घ्या, आणि मिळालं तर जुनं. पाडलेल्या घरांच्या चौकटी, दारं, वासे विकणारे असतात, त्यांच्याकडे चौकशी करा. पुण्यात असाल तर भवानी पेठेतलं टिंबर मार्केट आहेच. जुनं लाकूड पुरतं वाळलेलं असतं, त्यामुळे सहसा बाक धरत नाही. त्यातले खिळे मात्र एकूण एक काढून घ्या. सागवानाच्या गाभ्यात मुळातच तेल असतं, पाणी आणि वाळवी त्याला सहजी धरत नाहीत. कडेचा फिकट, पांढुरका भाग लवकर सडतो, तो असलेला तुकडा परत द्या. गॅलरी पूर्ण झाकलेली असेल आणि खर्च कमी ठेवायचा असेल तर पाइन चालेल. एमडीएफ (लाकडाचा चुरा दाबून केलेला बोर्ड) अजिबात नको.

माप ठरवण्याआधी बहिणीच्या गॅलरीत एकदा उभे राहून या. ऊन कुठवर येतं, दार कुठे उघडतं ते बघा. मावशीची मांडणी दोन मजली आहे: लांबी 24 इंच, खोली 10 इंच, उंची साधारण 21 इंच. पाय दीड इंची चौरस, 20 इंचांचे चार. बाकी सगळं 3 इंच रुंद आणि पाऊण इंच, म्हणजे सहा सूत जाड पट्टीचं. वरच्या तीन फळ्या 24 इंची. खालच्या तीन 21 इंची, कारण दोन्हीकडे दीड-दीड इंच पाय खातात. पुढच्या-मागच्या पायांना आतून जोडायला 10 इंची चार आडव्या पट्ट्या (फळ्या यांच्यावरच बसतात), आणि मागच्या दोन पायांना जोडणारी एक 24 इंची. ही मागची पट्टी विसरू नका, नाहीतर मांडणी लांबीत डुलते. आठ इंची कुंडी ओल्या मातीसकट पाच-सहा किलोच्या घरात जाते, आणि वर तशा तीन बसणार. एकूण पट्टी 17 फूट लागते, 19 घ्या. चौरस लाकूड 7 फूट.

दोन फळ्यांमध्ये चार सूत फट ठेवा. पाणी त्यातून खाली पडतं आणि पावसात लाकूड फुगलं तरी त्याला जागा मिळते. खालची फळी जमिनीपासून पाच इंच वर घ्या, म्हणजे झाडू खालून फिरतो.

स्क्रू 8 नंबरचे, दीड इंची, स्टेनलेसचे. लोखंडी गंजतात आणि लाकडावर काळे डाग पाडतात. प्रत्येक स्क्रूआधी 3 मिलीमीटरचं भोक पाडाच, नाहीतर फळीचं टोक चिरतं. जोडताना गुण्या (काटकोनी पट्टी) लावून कोन तपासत राहा. गोंद वापरणार असाल तर पाण्यात टिकणारा घ्या, साधा पांढरा ओलीत सुटतो.

तेल लावायचं ते जोडण्याआधी, प्रत्येक तुकड्याला चारही बाजूंनी; गोंद लावणार असाल तर तेवढी जागा सोडा, तेलावर गोंद धरत नाही. त्याआधी पॉलिश पेपर 80 नंबरचा, मग 120, मग 220, लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. त्यावर जवसाच्या डबल-बॉइल्ड तेलाचा (कच्चं लवकर वाळत नाही) पातळ हात, वीस मिनिटांनी जादा तेल पुसून टाका, आणि एक-एक दिवसाआड असे तीन हात. पायांची खालची टोकं बोट लावून बघा, तेल शोषतच राहतात. लाकडाच्या बारीक नळ्या तिथे उघड्या असतात आणि पाणीही तिथूनच वर चढतं. तिथे मी पाच-सहा हात देतो आणि खाली रबरी बूश ठोकतो. तेलाच्या चिंध्या चुरगळून टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवा.

वास्तुशांतीच्या निदान पंधरा दिवस आधी काम सुरू करा, तेलाला वाळायला वेळ लागतो. आणि शेवटचा हात देण्याआधी वरच्या फळीच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने तारीख आणि बहिणीचं नाव लिहा, मग त्यावरून तेल फिरवा. मावशीच्या मांडणीवरची अक्षरं अजून वाचता येतात.