वाचक विचारतात : पन्नास वर्षं फंक-सोल गाणारा गळा

मागच्या अंकात फंक आणि सोल या ठेकेदार अमेरिकी संगीताचा गायक जेम्स ब्राऊन याच्या कारकिर्दीवर लेख होता. १९५६ साली पहिली रेकॉर्ड निघाली आणि २००६ च्या नाताळच्या दिवशी तो वारला, त्या वर्षीही त्याचे दौरे चालूच होते. लेख वाचून वडोदऱ्यातल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मंडळींनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी चार इथे घेतले आहेत.

प्रश्न (रावपुरा) : मी नवरात्रीत गरबा गातो, एरवी आमच्या बँडमध्ये. ब्राऊनसारखी किंकाळी दोन-तीन गाण्यांत घेतली की आवाज बसतो. त्याचा गळा इतकी वर्षं कसा टिकला?

आधी त्याच्या कार्यक्रमाची बांधणी नीट बघा. तो सतत ओरडतोय असं वाटतं, पण सलग गाणं त्यात थोडंच असतं. चार-पाच शब्दांची ओळ झाली की बँड वाजतो, साथीचा गायक बॉबी बर्ड प्रतिसाद देतो, मेसिओ पार्करचा सॅक्सोफोन येतो. 'प्लीज, प्लीज, प्लीज' या गाण्यात तो गुडघ्यांवर कोसळायचा, निवेदक डॅनी रे त्याच्या खांद्यांवर झूल टाकून त्याला बाजूला न्यायचा, आणि तो ती झटकून पुन्हा माइकपाशी यायचा. लोक वेडे व्हायचे, आणि गळ्याला तेवढी उसंत मिळायची. गरब्यात अशी उसंत कुणी देत नाही, ती तुम्हालाच आखून घ्यावी लागेल. एका सेटमध्ये किंकाळीच्या तीनच जागा ठरवा आणि ध्रुपद कोरसवर सोडा.

आता तंत्र. खरे स्वरतंतू आवळून खरखर काढली की ते एकमेकांवर घासतात, सुजतात आणि आवाज बसतो. जाणते गायक ही खरखर स्वरतंतूंच्या वरच्या घड्यांमधून काढतात. त्यासाठी आधी वरच्या पट्टीत पातळ, स्वच्छ 'आ' मध्यम आवाजात लावा. तो स्थिर झाला की जड वस्तू उचलताना निघतो तसा हुंकार त्यात किंचित मिसळा. एका वेळी एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त नको. खाज, ठसका किंवा टोचणी जाणवली तर त्या दिवशी तिथेच थांबा.

आवाज मोठा करण्याचं काम माइककडे द्या. एरवी ओठ आणि माइक यांत ३ ते ५ सेंमी ठेवा, किंकाळीला १५ ते २० सेंमी मागे व्हा. माइकची जाळी मुठीत धरू नका, त्याने शिट्टी वाजते. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) माइक असेल तर मॉनिटर, म्हणजे स्वतःचा आवाज ऐकवणारा मंचावरचा स्पीकर, बरोबर त्याच्या शेपटीच्या दिशेला ठेवा, कारण तिथलं त्याला सर्वांत कमी ऐकू येतं. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस नकळत जोर लावतो. गळे बसण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे, किंकाळी नंतर येते.

गाण्याआधी आणि नंतर पाच-पाच मिनिटं स्ट्रॉचा व्यायाम करा : अर्ध्या भरलेल्या बाटलीत स्ट्रॉचं टोक २-३ सेंमी बुडवून, बुडबुडे काढत, 'ऊ'वर सा ते प आणि परत. रात्री एक वाजता तिखट शेव-उसळ खाऊन लगेच आडवं होणं मात्र सोडाच. आम्ल वर येऊन स्वरयंत्रावर पडतं आणि सकाळी आवाज घोगरा असतो. आवाज बसलेला असताना अ‍ॅस्पिरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने घेऊ नका, सुजलेल्या स्वरतंतूंत रक्तस्राव होऊ शकतो. घोगरेपणा तीन आठवडे टिकला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने तपासून घ्या.

प्रश्न (दांडिया बाजार) : फंकमध्ये 'वन'वर एवढा भर का? आमचा ढोलकीवाला ठेका बरोबर धरतो, तरी गाणं फंक वाटत नाही.

जुन्या ऱ्हिदम अँड ब्लूजमध्ये जोर दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर असे. ब्राऊनने १९६५ च्या सुमारास साऱ्या बँडचा भार पहिल्या ठोक्यावर आणला. १९६७ च्या 'कोल्ड स्वेट'मध्ये हे स्वच्छ ऐकू येतं.

तीनताल येणाऱ्याला हे पटकन कळेल. चार ठोक्यांच्या एका आवर्तनाचे सोळा भाग करा. किकचा (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमचा) मुख्य ठोका समेवर येतो. स्नेअर (काठीने वाजणारा खणखणीत ड्रम) पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर, म्हणजे नेमका दुसऱ्या आणि तिसऱ्या टाळीवर. नववी मात्रा आपल्याकडे खाली असते आणि इथेही ती हलकी सोडली तर शोभते. चूक होते ती उरलेल्या मात्रांत. ढोलकीवाला त्या भरून काढतो, समेवर यायला तिहाई घेतो. फंकमध्ये बास गिटारने सम ठोकायची आणि मग जागा मोकळी ठेवायची. गिटारवाल्याने ब्राऊनच्या गिटारवादक जिमी नोलनसारखं डाव्या हाताने तारा अर्धवट दाबून उजवा हात सोळाही मात्रांवर हलता ठेवायचा, आवाज मात्र मोजक्याच मात्रांवर काढायचा.

सराव असा करा. मेट्रोनोम (टिकटिक करून लय दाखवणारं यंत्र) मिनिटाला ६० वर, दर टिकेला 'त-क-धि-मि'. पंधरा मिनिटं न ढळता जमलं की १२० ची लय धरा आणि मेट्रोनोम ३० वर ठेवा, म्हणजे टिक फक्त समेवर येईल. मधलं सगळं तुमचं तुम्हाला सांभाळावं लागतं आणि कोण पळतोय ते दोन मिनिटांत कळतं.

प्रश्न (वाघोडिया रोड) : वय ४३, बँकेत नोकरी. सोल गायला आता उशीर झाला का?

मुळीच नाही. अमेरिकी सोल गायिका शॅरन जोन्सचा जन्म १९५६ चा. न्यूयॉर्कमधल्या रायकर्स आयलंडच्या तुरुंगात पहारेकरी, पैशांच्या चिलखती गाडीवर रक्षक, अशा नोकऱ्या करत ती चर्चमध्ये आणि लग्नांच्या बँडमध्ये गात राहिली. डॅप-किंग्ज या तिच्या बँडबरोबरचा पहिला अल्बम २००२ साली आला, तेव्हा ती चाळिशीच्या मध्यावर होती. पुढे कर्करोगाचे उपचार घेतानाही ती मंचावर उभी राहिली, २०१६ मध्ये जाईपर्यंत.

तुम्ही सुरुवात कोरसपासून करा. मूळ पट्टीचा हट्ट नको. काळी पाच जड जात असेल तर काळी चारमध्ये, दोन अर्धस्वर खाली गा. कीबोर्डवाल्याला ट्रान्सपोज (पट्टी बदलायचं बटण) उणे दोन पुरतं. बासची अडचण येते ती मूळ गाणं 'ई' पट्टीत असेल तर : त्याची सर्वांत खालची तार 'ई'चीच असते आणि 'डी' तिच्याखाली जातो. ती तार एक सूर उतरवा किंवा पाच तारांचा बास घ्या.

प्रश्न (मांडवी) : ट्रम्पेट-सॅक्स कीबोर्डवर वाजवले तर चालेल?

चालेल, पण खऱ्या फुंकेची धार येणार नाही. लग्नाच्या बँडमधले ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवणारे आपल्याकडे आहेतच, त्यांना बोलवा. फक्त स्वरलेखनाचा कागद त्यांच्या वाद्याच्या हिशेबाने लिहून द्या : ट्रम्पेटला खऱ्या सुरापेक्षा एक पूर्ण स्वर वर, आल्टो सॅक्सला नऊ अर्धस्वर वर. गिटारच्या सोयीची 'ई' पट्टी त्यांना अनुक्रमे एफ-शार्प आणि सी-शार्पमध्ये वाचावी लागते आणि बोटं अडखळतात. तेच गाणं 'ई-फ्लॅट'मध्ये घेतलं तर ट्रम्पेटला एफ, सॅक्सला सी. गिटारने तारा अर्धा सूर उतरवाव्यात. त्यात गायकालाही थोडा आराम मिळतो.