भाडेकरू मुलींशी नंतर, आधी घरच्यांशी बोला

प्रश्न : ताई, आमच्या वरच्या मजल्यावर दिमापूरच्या दोन नागा मुली भाड्याने राहतात. भाडं वेळेवर, वागणं नीट. पण सोसायटीत त्यांना 'चिंकी' म्हणतात, स्वयंपाकाच्या वासावरून कुरबुर करतात. परवा माझ्या पाचवीतल्या मुलानेही जिन्यात त्यांना 'चायनीज' म्हणून चिडवलं. मिस्टर म्हणतात, विषय काढू नकोस, उगाच त्यांना वाईट वाटेल. काय करू?
— एक वाचक, विश्रांतवाडी, पुणे

उत्तर : वाईट वाटायचं ते वाटून गेलंय. तुम्ही गप्प राहिलात, तर तुमचंही तेच मत आहे असं त्या धरून चालतील.

पण लगेच वर जाऊ नका. आधी मुलाला नकाशावर दिमापूर दाखवा. नागालँड १९६३ साली भारताचं राज्य झालं, हे सांगा. तो विचारेल, "मग खरंच चीनच्या असत्या तर?" तरीही चिडवायचं नाही. कुणाच्याच चेहऱ्यावरून चिडवायचं नाही, हे तेव्हाच स्पष्ट सांगा.

मिस्टरांना निडो तानियाची आठवण करून द्या. अरुणाचलचा विद्यार्थी. जानेवारी २०१४मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात त्याच्या केसांवरून चेष्टा झाली, वाद पेटला, मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. मग इतर राज्यांत राहणाऱ्या ईशान्येच्या लोकांच्या अडचणी पाहायला केंद्र सरकारने बेझबरुआ समिती नेमली. आणि दिल्लीच कशाला? ऑगस्ट २०१२मध्ये हल्ल्यांच्या अफवा पसरल्या, तेव्हा आपल्या पुण्यातूनही ईशान्येची मुलं मिळेल त्या गाडीने गावी निघाली होती. इथे आपल्या बाजूने कुणी उभं राहील, याची त्यांना खात्री नव्हती. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

वासाचं म्हणाल, तर त्या बहुधा आखुनी शिजवत असतील, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन. वास उग्र असतो, हे नाकारू नका. आपल्याकडे सुकट भाजली की अख्ख्या जिन्याला कळतं. 'फक्त शाकाहारी' म्हणून याच शहरात किती मराठी कुटुंबांना घरं नाकारली जातात! "शिजवताना जिन्याकडचं दार लावून घ्याल का, गं?" इतकं सरळ विचारा. हे कुठल्याही भाडेकरूला विचारता येतं.

मग मुलाला घेऊन वर जा. माफी त्यानेच मागू दे. तुम्ही भाषण करू नका, "तुमच्याकडे काय काय खातात?" अशी चौकशीही नको. त्या बोलल्या तर ऐका, नाही बोलल्या तरी चालेल.

सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये मात्र 'चिंकी' म्हणणं बंद करा, असं तुम्ही स्वतः उभं राहून सांगा. त्या मुलींना तिथे बोलावू नका. घर तुमचं आहे, शेजारीही तुमचेच आहेत.