आयआयटीचा शिक्का आणि स्वतःचा धंदा

या महिन्यात पत्रं, मेल, व्हॉट्सॲप मिळून जे काही आलं त्यातलं निम्मं एकाच गोष्टीवर होतं, मोठ्या कॉलेजात शिकलं की धंदा चालतो का. निकालाचे दिवस आहेत, साहजिक आहे. चार पत्रं घेतलीयेत.

प्रश्न : नमस्कार मॅडम. मुलगा यंदा बारावी झाला. जेईई मेनला बरे पर्सेंटाइल होते पण ॲडव्हान्सला रँक नाही आली. पुण्यात एका चांगल्या कॉलेजात कॉम्प्युटर मिळतंय. तो म्हणतोय ड्रॉप घेतो, मला नोकरी करायचीच नाहीये, स्टार्टअप करायचाय आणि आयआयटी नसेल तर स्टार्टअपला कुत्रं विचारत नाही. फ्लिपकार्टवाले, झोमॅटोवाले, ओलावाले सगळे बोटावर मोजून दाखवतो. त्याचे बाबा एसटीत आहेत, क्लासची फी परत भरायची म्हणजे सोसायटीचं कर्ज काढावं लागेल. खरंच एवढा फरक पडतो का? (एक आई, लातूर)

उत्तर : ताई, फरक पडतो. नाही पडत असं सांगून तुमची समजूत काढणार नाही, कारण मी स्वतः तालुक्याच्या कॉलेजातली बीकॉम, गेली वीस वर्षं पुठ्ठ्याच्या बॉक्सचा कारखाना चालवतेय, आणि कॉलेजचं नाव नसलं की काय होतं ते मला पुरेपूर माहितीय.

मध्यंतरी दोनतीन वर्षं मला एका कार्यक्रमात स्टार्टअप निवडायला बसवायचे. समोर पोरं एकामागून एक येणार, प्रत्येकाला आठ मिनिटं. आमच्या रांगेतले पैसेवाले लोक पहिली दोन मिनिटं फोनमध्येच असायचे. मग ती टीमची स्लाइड यायची, गोल फोटो आणि खाली कॉलेजचा लोगो. आयआयटीचा लोगो दिसला की माना वर व्हायच्या, फोन उलटा टेबलावर, आणि पहिला प्रश्न यायचा, मार्केट किती मोठंय. दुसरा लोगो असला की पहिला प्रश्न यायचा, हे तुम्हीच बनवलंय का. काम कधीकधी सारखंच असायचं हो. एकाला धंद्याबद्दल विचारलं जायचं, दुसऱ्याला आधी चोर नाहीये हे सिद्ध करायला लागायचं. मी पण तेच करत होते हे तिसऱ्या वर्षी लक्षात आलं माझ्या.

तर शिक्क्याने पहिली ऐकून घेण्याची संधी मिळते. दुसरं मिळतं ते पार्टनर, हॉस्टेलच्या विंगमध्येच. आणि तिसरं, ज्याबद्दल कोणी बोलत नाही, बुडालात तर नोकरी मिळते. दोन वर्षं धंदा करून बुडालेल्या आयआयटीवाल्याला कंपन्या म्हणतात अनुभव आहे, तेच आपल्या पोराला म्हणतात गॅप आहे.

पण मुलगा मोजतोय ते अर्धंच. फ्लिपकार्टचे सचिन आणि बिनी बन्सल दोघे आयआयटी दिल्लीचे हे बरोबर, पण २००७ ला धंदा काढायच्या आधी दोघे ॲमेझॉनमध्ये नोकरीला होते. झोमॅटोचे दीपिंदर गोयल आणि पंकज चड्ढा पण दिल्लीचेच, ते बेन कंपनीत होते. ओलाचे भाविश अगरवाल आयआयटी मुंबईचे, आधी मायक्रोसॉफ्टच्या रिसर्चमध्ये. म्हणजे जी नोकरी तुमच्या मुलाला करायचीच नाहीये ती या सगळ्यांनी केलीय! आणि इन्फोसिस घ्या, १९८१ ला पुण्यात दहा हजार रुपयांवर सुरू झाली, ते सातही जण पटनी कॉम्प्युटर्समधून बाहेर पडलेले, म्हणजे पार्टनर कॉलेजात नाही तर ऑफिसात भेटले. त्यातल्या नारायण मूर्तींनी इंजिनिअरिंग म्हैसूरला केलं आणि एमटेक आयआयटी कानपूरला. तो रस्ता आजही आहे, गेट ही एमटेकची प्रवेश परीक्षा देऊन. शिक्का अठराव्या वर्षीच घ्यावा लागतो असं कुठंय.

अमेरिकेत यावर बरंच मोजमाप झालंय. दोन अर्थतज्ज्ञांचा २०२१ ला आलेला एक अभ्यास आहे, त्यात दिसलं की नामांकित कॉलेजची डिग्री आणि रीतसर कंपनी काढून केलेला उद्योग यांचा संबंध आहे, पण बाकीचा स्वयंरोजगार, म्हणजे आपलं दुकान, एकट्याने केलेलं काम, याच्याशी नाही. आणि मुळात हुशार, पैसेवाल्या घरची पोरंच तिथे जातात हे हिशोबात धरूनही त्यांच्या मते अशा कॉलेजात माणूस जास्त शिकतो, विशेषतः जो कंपनी काढणार आहे तो. याच्या बरंच आधी, २००२ ला, डेल आणि क्रूगर यांनी पगाराचं बघितलं होतं. मोठ्या कॉलेजात प्रवेश मिळूनही जी पोरं साध्या कॉलेजात गेली ती कमाईत मागे पडली नाहीत. अपवाद गरीब घरच्या पोरांचा, त्यांना मोठ्या कॉलेजचा फायदा झाला. का ते आपल्याला सांगायला नको, ज्याच्या काकाच्या ओळखी आहेत त्याला कॉलेजच्या ओळखींचं काय अप्रूप.

म्हणजे तुमच्या घराला फायदा व्हायची शक्यता जास्त, हे मी मान्य करते. पण तो फायदा मिळण्यासाठी आधी आत जायला लागतं, आणि २०२४ ला चौदा लाखांवर पोरांनी मेन दिली, सगळ्या आयआयटी मिळून जागा होत्या १७,७४०. शिवाय ॲडव्हान्स लागोपाठच्या दोन वर्षांतच देता येते, म्हणजे तुमच्या मुलाला आता एकच संधी आहे, हे त्याला माहीत असेल पण तुम्हाला सांगितलं नसेल. थोडक्यात हुकलं असेल आणि त्याला अभ्यासाचीच ओढ असेल तर विचार करा, पण स्टार्टअपसाठी म्हणून सोसायटीचं कर्ज काढून ड्रॉप, याला माझं मत नाही. पुण्याची सीट घ्या. आणि त्याला एकदा जेवताना विचारा, कशाचा स्टार्टअप? लोगो सोडून दुसरं काही सांगता आलं तर मला परत लिहा.

प्रश्न : ताई, मी डिप्लोमा करून मग डायरेक्ट सेकंड इयरला बीई केलं, सांगलीकडच्या एका कॉलेजात. मागाला लावायचं एक छोटं मशीन बनवलंय, माग किती वेळ चालला, किती वेळा बंद पडला ते मालकाच्या मोबाईलवर दिसतं. सध्या एका ओळखीच्यांच्या ४० मागांवर ट्रायलला आहे. पुण्या-मुंबईच्या इन्व्हेस्टर लोकांना मेल टाकले, दोघांनी फोन केला, दोघांनी कॉलेज विचारलं आणि नंतर उत्तरच नाही. एकाने तर सांगितलं को-फाउंडर आयआयटीचा घ्या. घ्यावा का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : अरे दादा, शोभेला को-फाउंडर कशाला घेतोस, लग्नातला घोडा आहे का तो. तुझ्याकडे जे काम येत नाही ते त्याला येत असेल तर घे, मग तो कुठलाही असो.

मला एक सांग, इचलकरंजीत कुठल्या मागवाल्याने तुला कॉलेज विचारलं? तो विचारणार पैसे किती, आणि रात्री पाळीला बंद पडलं तर येणार कोण. तुझी परीक्षा तिथे आहे, आणि ती इन्व्हेस्टरच्या परीक्षेपेक्षा अवघड आहे कारण मागवाला दर महिन्याला निकाल लावतो. पहिलं काम, ते ४० माग फुकट चालू असतील तर फुकट बंद कर. महिन्याला मागामागे थोडे का होईना पैसे लाव आणि बघ काढून टाकतात का. नाही काढलं तर तुझ्या फाइलमध्ये पहिल्या पानावर तेच टाक, किती माग, किती मालक, किती महिने, किती पैसे. टीमचं पान शेवटी. गिऱ्हाइकाची बिलं आधी बघितली की माणसाचं डोकं लोगोकडे जरा उशिरा जातं, हे मी टेबलाच्या पलीकडे बसून बघितलंय.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर क्विक हीलचे कैलास काटकर. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे, शिक्षण दहावी, पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्ती करायचे. भाऊ संजय यांना कॉम्प्युटर शिकायला लावलं, त्यांनी अँटीव्हायरस बनवला, यांनी विकला. मोठा इन्व्हेस्टर आला तो २०१० ला, म्हणजे धंदा उभा राहून बरीच वर्षं झाल्यावर, आणि २०१६ ला कंपनी शेअर बाजारात आली. शेअर खरेदी-विक्रीच्या झिरोधा कंपनीच्या नितीन कामतांनी तर बाहेरचा इन्व्हेस्टर घेतलाच नाही, आधी कॉल सेंटरला काम करायचे ते. सगळ्यांचं असं होतं असं मी म्हणत नाहीये, पण नावाचं कॉलेज नसलं की इन्व्हेस्टर आधी येत नाही, गिऱ्हाईक आधी आणायला लागतं. पाच-सहा वर्षं जास्त जातात. चीड येण्यासारखंच आहे ते, मला पण यायची.

आणि तुझं काम मशीन बनवण्याचं आहे, त्याला सुरुवातीला इन्व्हेस्टरच कशाला पाहिजे? पीएमईजीपी म्हणून केंद्राची योजना आहे, उत्पादनाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो, सामाजिक गट आणि गाव-शहर बघून १५ ते ३५ टक्के सबसिडी. शिक्षणाची अट किती, तर दहा लाखांच्या वरच्या प्रकल्पाला आठवी पास! ती नव्या युनिटलाच मिळते, त्यामुळे काही रजिस्टर करून बसायच्या आधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन सध्याचे नियम विचार. बँक मॅनेजर चपला झिजवायला लावेल, ते गृहीत धर.

प्रश्न : बिल गेट्स आणि झुकरबर्ग दोघांनी कॉलेज सोडलं. मग एवढ्या डिग्रीचं कौतुक कशाला? (एसवायचा विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : सोडलं ते हार्वर्ड होतं रे बाबा, सोडायला आधी आत असायला लागतं. फेसबुक २००४ ला सुरू झालं ते हार्वर्डच्याच पोरांसाठी, पहिलं गिऱ्हाईक कॉलेज, पार्टनर रूममेट. डिग्री नाही घेतली त्याने, पण कॉलेज पुरतं वापरलं. तू एसवाय सोडून काय वापरणार आहेस ते आधी ठरव. ओयोच्या रितेश अगरवालने पण कॉलेज सोडलं, पण २०१३ ला त्याला थील फेलोशिप, म्हणजे कॉलेज सोडून धंदा करणाऱ्या पोरांना अमेरिकेतून मिळणारी नावाजलेली मदत, मिळाली होती, म्हणजे एका शिक्क्याऐवजी दुसरा.

प्रश्न : ताई, मी आयआयटीत शेवटच्या वर्षाला आहे. घर साताऱ्याजवळ, शेती. मित्राबरोबर प्रयोगशाळेत काम करताना दूध तपासायचं एक साधन जमलंय, सरही म्हणतात कंपनी काढा. पण प्लेसमेंटला चांगला पगार मिळेल, आणि आई म्हणते एवढं शिकवलं ते दूध तपासायला का? विंगमधले पण सगळे पॅकेजचंच बोलतात. (एक विद्यार्थिनी, मुंबई)

उत्तर : तुझं पत्र वाचून हसू आलं आणि जरा वाईट पण वाटलं. लातूरच्या ताईंचा मुलगा धंद्यासाठी जिथे जायचं म्हणतोय तिथे बसून तू पॅकेजचा विचार करतेयस. पण चूक तुझी नाही. नावाजलेल्या कॉलेजचा हा उलटा परिणाम आहे, दारं जितकी जास्त उघडतात तितकं धंदा करणं महाग पडतं. माझ्यासमोर पर्याय होता शाळेत क्लार्कची जागा, ती सोडायला काही वाटलं नाही. तुझ्यापुढे लाखांचा आकडा आहे.

धंदा तरुणपणीच करायचा असतो असं काही नाही. अमेरिकेत सगळ्यात वेगाने वाढलेल्या कंपन्यांच्या संस्थापकांचं वय मोजलं तर सुरुवातीच्या वेळचं सरासरी ४५ निघालं. नोकरी केलीस तर काही बिघडत नाही. पण तुझं साधन तयार आहे, आणि ते नोकरीत जाऊन परत उघडेपर्यंत दुसरं कोणीतरी डेअरीत लावलेलं असेल. आणि मघाशी म्हटलं ना, बुडालं तर नोकरी देणारा शिक्का तुझ्याकडेच आहे. काही आयआयटींमध्ये स्टार्टअप करणाऱ्यांना प्लेसमेंट पुढे ढकलता येते, एकदोन वर्षांनी परत बसता येतं, तुमच्याकडे नियम काय आहे ते प्लेसमेंट ऑफिसमध्ये लेखी विचारून घे. आयआयटी मुंबईत असशील तर साइन हे इन्क्युबेटर, म्हणजे नव्या कंपन्यांना उभं राहायला मदत करणारं केंद्र, कॅम्पसवरच आहे, २००४ पासून. ड्रोनवाली आयडियाफोर्ज तिथूनच निघाली, २००७ ला सुरू झालेली ती कंपनी शेअर बाजारात आली २०२३ ला. सोळा वर्षं. हा आकडा घरी सांगू नकोस लगेच.

आईला मात्र एक कर. पुढच्या सुट्टीत ते साधन घेऊन घरी जा, सकाळी डेअरीवर दूध घालायला आईबरोबर तू जा आणि फॅट लावताना शेजारी उभी राहून तुझ्या साधनावर पण तेच दूध तपास. फॅट कमी लावला म्हणून तिथे रोज किती भांडणं होतात ते आईला माझ्यापेक्षा जास्त माहितीय.