वापरलेले मॅटर्निटी कपडे घेताना

अगं, पाचव्या महिन्याआधी शक्यतो काही घेऊ नकोस, पोटाचा अंदाजच येत नाही. जीन्स घेताना पोटावरची इलॅस्टिकची पट्टी दोन्ही हातांनी ताणून सोड. झटकन मागे आली तर ठीक; लाटा राहिल्या तर फुकटातही नको. फीडिंग कुर्तीची लपवलेली चेन चार-पाचदा उघडून बघ. रात्री बाळ रडत असताना ती अडकली की काय होतं ते विचारू नकोस! ब्रा मात्र नवीनच. डोहाळजेवणाची हिरवी साडी? जावेची नेस, बिनधास्त. पुढे विकायचं असेल तर दुधाचे डाग वाळण्याआधी गार पाण्यात भिजव, आणि काखेतल्या शिवणीचाही फोटो टाक, घेणारी तेच विचारते. कुर्त्या लगेच जातात, फोटोशूटचा गाऊन पडून राहतो.